नदीकाठ राखा, जलाशय राखा

बदलापूरजवळील बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना व कल्याण-डोंबिवलीसह ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरांना मिळते. धरणास मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांचे काठ ढासळले म्हणजे ती माती जलाशयात साचून पाण्याची जागा घेते. हे नुकसान दुहेरी होय : शेतकऱ्याचे भातखाचर जाते आणि शहराचा पाणीसाठा घटतो.

काठ बहुधा पायथ्याकडून तुटतो. पुराचा प्रवाह वळणाच्या बाहेरील बाजूस पायथा कोरतो. आधार गेला की वरची दरड कोसळते. म्हणून प्रथम पायथ्याशी मोठे दगड रचावेत व रचाईची दोन्ही टोके पक्क्या काठात शिरवावीत. नंतर उभी दरड छाटून एक हात उंचीस दोन हात असा उतार द्यावा. पहिला पाऊस पडताच उतारावर वाळा व निर्गुडी आणि माथ्यावर करंज व बांबू लावावेत. वाळ्याची मुळे खोल जाऊन माती जखडून ठेवतात.

काठालगतची पट्टी नांगरू नये. गुरांना पाण्यावर नेण्यास एकच दगडी उतरण ठेवावी. एकट्याचा बांधलेला काठ शेजारच्या उघड्या काठाकडून तुटतो. सबब ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दोन्ही काठांवरील शेतकऱ्यांस एकत्र आणून दगडमातीचे काम उन्हाळ्यातच उरकावे.