हरभऱ्याने हवेतून किती नत्र आणले?

हैदराबादच्या मलकपेठेत वाण्याच्या दुकानी हरभऱ्याची डाळ तोलली जात असता आमच्या मनात एक शंका आली. डाळ काट्यावर तोलता येते. पण याच हरभऱ्याने हवेतून जे नत्र ओढून घेतले ते कोणत्या काट्यावर तोलावे?

उत्तर त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला, मुंबईच्या वाटेवरील पटांचेरू येथे मिळते. तेथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हरभरा, तूर, भुईमूग यांवर संशोधन चालते.

परमेश्वराने हवेत शंभरात ७८ भाग नत्र भरून ठेवले आहे. मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू ते पिकास मिळवून देतात. परंतु पीक काही नत्र जमिनीतूनही घेते. मग या दोहोंची निवड कशी करावी?

एक रीत शेजाऱ्याची. हरभऱ्यालगत ज्वारी पेरावी, दोन्हींतील नत्र मोजावे व वजाबाकी करावी. पण ज्वारीची मुळे निराळी, वाढ निराळी; तुलना न्याय्य कशी व्हावी? म्हणून इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी मुळांवर गाठीच न धरणारे भुईमूग व हरभरा शोधून काढले. सख्खा भाऊच शेजारी उभा केला म्हणा ना!

दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. हवेतील नत्राच्या दर २७३ अणूंमागे एक अणू किंचित जड असतो. बहुतेक जमिनींत जड अणूंचे प्रमाण याहून थोडे अधिक आढळते. म्हणून हवेवर पोसलेल्या रोपात ते कमी भरतात, आणि हा फरक यंत्र टिपते. झडलेला पाला व मुळे मात्र हिशेबातून निसटू पाहतात. तुरीचा पाला किती झडतो हे आपल्या वाचकांस सांगणे नको.

अशा मोजणीतून एक ढोबळ अंदाज निघाला आहे. जमिनीवरील वाळलेल्या पिकाच्या दर टनामागे सुमारे २० किलो नत्र हवेतून येते. समजा, हेक्टरी ३ टन हरभरा दाण्यासकट उभा आहे. म्हणजे ६० किलो झाले. त्यात दीड टन दाणा असला, तर सुमारे ५० किलो नत्र पोत्यांत भरूनच शेताबाहेर जाते! पाठोपाठ भुसकटही विकले वा जाळले, तर जमिनीची जुनी ठेवच घटण्याचे भय असते. हरभरा घेतला म्हणजे रान आपोआप सुधारले, असे मानणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

ज्यांच्यापाशी यंत्र नाही त्यांनी फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मुळासकट हलकेच खणून काढावे व गाठ नखाने चिरावी. आत लालसर दिसली तर काम चालू आहे. पांढरी वा हिरवट दिसली तर नाही.