रयतेचा नागरिक कसा झाला?



आपल्या राज्याचा इतिहास आणि कारभार मुलांना कसा शिकवावा, या विषयावर बोलायला तुम्ही सातवी शिकलेल्या माणसाला उभे केलेत. माझे पुढचे शिक्षण लातूरच्या आडत बाजारात, पोत्यांच्या थप्पीवर बसून झाले. हमालीचा हिशेब चुकला की कायद्याचे पुस्तक उघडायचे आणि कलम कळले नाही की वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसायचे, हीच माझी शाळा. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी १७ सप्टेंबरला एका शाळेत मला झेंडावंदनाला बोलावले होते. एका मुलाने विचारले, “काका, १५ ऑगस्टला झेंडा लावलाच होता, मग महिन्याभरात पुन्हा कशाला?” मी उत्तर देणार, तोच गुरुजी म्हणाले, “बाळ, ते परीक्षेला येत नाही.” गुरुजींना दोष देत नाही. त्यांच्यामागे अभ्यासक्रम संपवण्याची घाई असते. पण त्या एका प्रश्नात मराठवाड्याचा सगळा इतिहास आणि निम्मे नागरिकशास्त्र होते.

त्या मुलाला सांगायला हवे होते ते असे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड-लातूर झाले नाहीत. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि ते भारतात सामील झाले नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सेना आत आली; १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते; १६ ऑगस्ट १९८२ ला त्याचा वेगळा जिल्हा झाला. मुलाला म्हणावे, तुझ्या पणज्याचे घर जागचे हलले नाही, पण राज्ये बदलली, जिल्हा बदलला. असे सांगितले की सनावळी पाठ करावी लागत नाही.

मात्र नकाशा बदलला हा खरा बदल नव्हे. निजामाच्या राजवटीत अखेरचा शब्द फर्मानाचा होता. रयतेने अर्ज करावा आणि वाट पाहावी. १९५२ साली त्याच रयतेने प्रौढ मतदानाने सरकार निवडले. अर्जदार मतदार झाला. आणि हे आकाशातून पडले नाही. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले. पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत होते, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. आपल्या वयाच्या मुलांनी आणि एका मास्तरांनी हे केले, एवढे कळले तरी वर्गातले पोर ताठ बसते.

आता कारभाराकडे येऊ. विधानसभेचे सदस्य २८८, हे मूल पाठ करते आणि विसरते. मी एका हमालाच्या मुलाला त्याच्या वडिलांचे नोंदणीचे कार्ड आणायला सांगितले. हे कार्ड कोणी दिले? माथाडी मंडळाने. मंडळ कोणत्या कायद्याने झाले? १९६९ च्या माथाडी कायद्याने. तो कोणी केला? आपल्या राज्याच्या विधिमंडळाने. का केला? अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी मुंबईच्या गोद्यांत हमाल एकत्र केले म्हणून. मंडळात मालक, कामगार आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी बसतात. मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्यनिर्वाह निधीही लागतो. पण नोंद झाली नाही तर कायदा असूनही हमालाच्या पदरी काही पडत नाही. म्हणून कायदा शिकवताना तो कुठे अडतो, हेही शिकवले पाहिजे. कार्ड नसेल त्या घरी सातबारा असेल, रेशनकार्ड असेल. प्रत्येक कागदामागे एक कायदा आणि कायद्यामागे माणसे असतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी बसणार नाही. रझाकारांचे अत्याचार मुलांना सांगितलेच पाहिजेत. पण ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला, हेही सांगावे. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची मोठी हत्या झाली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. काही जण म्हणतात, कशाला जुन्या जखमा उकरता? माझ्या संघटनेत दोन्ही धर्मांचे हमाल एकाच पोत्याला हात लावतात आणि त्यांची नातवंडे एकाच बाकावर बसतात. त्या बाकावरच्या एका मुलाला अर्धाच इतिहास सांगितला, तर दुसरे मूल मान खाली घालून बसते. पुरा सांगितला तर दोघांनाही कळते की अन्याय करणारा आणि अन्यायाविरुद्ध उभा राहणारा कोणत्याही घरात जन्मू शकतो.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी एकच विनंती आहे. येत्या १७ सप्टेंबरला प्रत्येक मुलाने घरातला एक सरकारी कागद शाळेत आणावा आणि तीन प्रश्न विचारावेत : हा कोणी दिला, कोणत्या कायद्याने दिला आणि तो मिळाला नाही तर दाद कुठे मागायची? यातला एखादा प्रश्न गुरुजींना सुटला नाही, तर मुलांना घेऊन तहसील कचेरीत जावे आणि तिथे विचारावे. विचारायला जाण्याची सवय लागली की नागरिकशास्त्राचा पहिला धडा झाला.