रुग्णसेवेचा धम्म

मालवण किनाऱ्यावरील कितीतरी घरांत आज एकच दृश्य आढळते. माजघरालगतच्या खोलीत एखादे वृद्ध माणूस अंथरुणाला खिळलेले असते. मुलगे मुंबईला असतात. गणपतीला आणि मे महिन्यात येतात. उरलेले वर्षभर औषधपाणी, अंग पुसणे, रात्रीची जागरणे हे सारे घरातील एका स्त्रीच्या वाट्याला येते. रुग्णाची विचारपूस सगळे करतात, तिची मात्र क्वचितच कोणी करतो. अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका महापुरुषाने या दोघांचाही विचार केला होता.

लुंबिनी येथे शाक्य कुळात जन्मलेल्या सिद्धार्थ गौतमाला घराबाहेर काढले ते वार्धक्य, व्याधी आणि मृत्यू यांच्या दर्शनाने, असे परंपरा सांगते. पस्तिसाव्या वर्षी बोधगयेला त्याला ज्ञान झाले आणि सारनाथला त्याने पहिला उपदेश केला. त्या उपदेशाची मांडणी एखाद्या वैद्याला शोभावी अशी आहे. दुःख आहे, हे निदान. तृष्णा हे त्याचे कारण. ते दूर होऊ शकते, हा दिलासा. आणि सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंतचा अष्टांगिक मार्ग, हा उपचार.

कोकणाशी जुने नाते

हा विचार कोकणाला परका नाही. प्राचीन काळी या किनाऱ्याला अपरान्त म्हणत. सम्राट अशोकाच्या काळात निरनिराळ्या प्रदेशांत धर्मोपदेशक गेले, त्यांत अपरान्ताचाही उल्लेख सिंहली ग्रंथांत येतो. शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आणि स्तूपाचे अवशेष सापडले. व्यापाऱ्यांची गलबते आणि घाटवाटांवरचे तांडे यांच्याबरोबर धम्मही फिरला. कान्हेरी, कुडे, महाड आणि दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथील लेणी त्याची साक्ष देतात. पुढे कित्येक शतके तो येथून जवळजवळ लोपला.

आधुनिक काळात तो मराठी वाचकाच्या घरात पुन्हा आणला तेरेखोल नदीपलीकडच्या गोमंतकाने. सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, श्रीलंकेत पाली शिकले आणि ‘भगवान बुद्ध’सारखे ग्रंथ त्यांनी सुबोध मराठीत लिहिले. मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या घराण्यातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा कोकणातील असंख्य कुटुंबांसाठी तो ग्रंथांतला विषय न राहता जगण्याचा मार्ग झाला.

बुद्ध आणि आजारी भिक्षू

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्षू अतिसाराने जर्जर होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. त्याने इतरांसाठी कधी काही केले नाही, म्हणून त्याच्याकडेही कोणी फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धाने पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. नंतर बुद्धाने संघाला समजावले, की येथे तुम्हांला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही, तर कोण करणार? माझी सेवा करावी असे ज्याला वाटते, त्याने आजाऱ्याची करावी.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभासाठी नव्हे, तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी, मलमूत्राची व वांतीची किळस धरू नये, आणि चार चांगल्या गोष्टी बोलून रुग्णाचे मन प्रसन्न करावे. विशेष म्हणजे रुग्णाचीही कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. पथ्य पाळावे, हितकर गोष्टीतही प्रमाण राखावे, औषध घ्यावे, दुखणे बरे आहे की वाढले आहे ते खरेखरे सांगावे आणि वेदना धीराने सोसावी.

दुसरा बाण

बुद्धाने आणखी एक दृष्टान्त दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यापोटी होणारा शोक आणि संताप हा दुसरा. पहिला बाण नेहमीच चुकवता येत नाही. दुसऱ्याची धार मात्र सावधपणे कमी करता येते. ‘माझ्याच नशिबी हे का?’ हा प्रश्न रुग्णालाही छळतो आणि सेवा करणाऱ्यालाही. अशा वेळी दहा मिनिटे शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसते पाहावे. मनात उठलेला राग ओळखावा, त्याच्यामागे धावू नये. हा औषधाला पर्याय नव्हे. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

पण एकट्या व्यक्तीचे मनःसामर्थ्य पुरे, असेही बुद्धाने मानलेले दिसत नाही. त्याने जबाबदारी संपूर्ण संघावर टाकली. आपला संघ म्हणजे आपले कुटुंब आणि आपली वाडी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ते काम एका जोडी हातांचे नव्हे. सुट्टीला आलेल्या मुलाने फळांची करंडी आणावीच, पण दोन रात्री उशाशीही बसावे. शेजारणीने दुपारचा एक तास द्यावा. पाणी घालायला बुद्ध होता, तरी धुवायला आनंद लागलाच.