संगणकास पत्ता कोण देतो?

शाळेतील संगणक सुरू होतो, तार जोडलेली असते, तरीही इंटरनेटशी संबंध जुळत नाही. मग यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीस पाठविले जाते व मुलांचे दिवस वाया जातात. पुष्कळदा यंत्रात दोष नसतोच. त्यास पत्ता मिळालेला नसतो, एवढेच.

नेटवर्कमधील प्रत्येक यंत्रास अंकी पत्ता लागतो. सर्वपरिचित पद्धतीत तो १९२.१६८.१.२५ असा चार संख्यांचा असून प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. हे पत्ते हातांनी भरावयाचे म्हटले, तर चुकून दोन यंत्रांस एकच पत्ता दिला जातो आणि दोहोंचे काम अडते. या कामासाठी डीएचसीपी नावाच्या पद्धतीचे नियम १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झाले; १९९७ सालचे सुधारित नियम चार संख्यांच्या पत्त्यांसाठी आजही आधारभूत आहेत.

शाळेत हे काम बहुधा राउटर करतो. नव्याने आलेल्या यंत्रास स्वतःचा पत्ता नसतो, व पत्ते वाटणारा कोठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून ते सर्वांस ऐकू जाईल अशी हाक घालते आणि तीत आपली ओळखसंख्या सांगते. राउटर आपल्या साठ्यातील एक मोकळा पत्ता देऊ करतो. यंत्र तो रीतसर मागून घेते, आणि ही मागणीही जाहीरपणेच करते. यातच या पद्धतीची खरी खुबी आहे. कारण पत्ता देऊ करणारे दोघे असले, तर ज्याचा स्वीकार झाला नाही त्यास तेवढ्यानेच उमगते व त्याचा पत्ता पुन्हा मोकळा होतो. शेवटी राउटर मंजुरी देतो.

पत्ता मिळतो तो मात्र मुदतीने. मुदत २४ तासांची असेल, तर सामान्यतः १२ तासांनी यंत्र मुदतवाढ मागते. उत्तर न आल्यास २१ तासांनी पुन्हा सर्वांस उद्देशून विचारते. तरीही न मिळाल्यास मुदतीअखेर पत्ता सोडते.

आता असे समजा की साठ्यात ५० पत्ते आहेत आणि शाळेत शिक्षकांचे प्रशिक्षण भरले आहे. सकाळीच पाहुण्यांचे मोबाईल ते सर्व पत्ते घेतात. पाहुणे दुपारी परततात, पण पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावे राहतात आणि मुलांचे संगणक तसेच बसतात. अशा शाळेने मुदत एकदोन तासांची ठेवावी, हे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. मुद्रणयंत्रासाठी मात्र एक पत्ता कायमचा राखून ठेवावा.

संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर हाकेस उत्तर न मिळाल्याने त्याने तो स्वतःच घेतला आहे असे बहुधा समजावे. तेव्हा प्रथम तार, मग राउटर, मग पत्त्यांचा साठा तपासावा. पत्ता मिळूनही काम चालत नसेल, तर कोणी घरचा जुना राउटर आणून शाळेच्या जाळ्यास जोडला आहे काय, हे पाहावे. तोही न विचारता पत्ते वाटू लागतो.