कृत्रिम जीवनाची परिषद

पुनरुत्पादन, वाढ, उत्क्रांती हे सजीवांचे गुणधर्म संगणकात, यंत्रमानवात किंवा परीक्षानळीत नव्याने उभे करून जीवनाचा अभ्यास करणाऱ्या ज्ञानशाखेला ‘कृत्रिम जीवन’ असे नाव आहे, आणि ही शाखा एखाद्या ग्रंथातून किंवा शोधातून नव्हे तर एका परिषदेतून जन्माला आली. ख्रिस्तोफर लँग्टन या संशोधकाने सप्टेंबर १९८७मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे जेथे पहिला अणुबाँब घडला त्याच ठिकाणी, सजीव प्रणालींची कृत्रिम रचना या विषयावर कार्यशाळा बोलावली. उत्क्रांतीवर लिहिणारे रिचर्ड डॉकिन्स, वनस्पतींच्या वाढीचे नियम गणिती व्याकरणात बसवणारे अरिस्टिड लिंडेनमायर, यंत्रमानवतज्ज्ञ हान्स मोराव्हेक अशी एरवी एका छताखाली न येणारी मंडळी या कार्यशाळेच्या ग्रंथात एकत्र आली.

लँग्टन यांची भूमिका थोडक्यात अशी होती. जीवशास्त्राजवळ अभ्यासासाठी जीवनाचा एकच नमुना आहे. पृथ्वीवरचे सारे ज्ञात सजीव एकाच वंशवृक्षाच्या फांद्या असून सर्वांची रासायनिक लिपीही जवळपास एकच आहे, त्यामुळे या नमुन्यातील कोणती गोष्ट जीवनाला अटळ आहे आणि कोणती केवळ योगायोगाने आली, हे ठरवण्यास तुलनेचे साधनच उरत नाही. दुसरा नमुना निसर्गात सापडत नसेल तर तो घडवावा आणि आहे त्या जीवनाबरोबर असू शकणाऱ्या जीवनाचाही अभ्यास करावा, असे त्यांनी सुचवले. या विचाराला पूर्वपीठिका होती. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची प्रत तयार करणाऱ्या यंत्राची तार्किक रचना मांडण्यास सुरुवात केली होती, आणि लँग्टन यांनीही १९८४मध्ये चौकटींच्या जाळ्यात स्वतःच्या प्रती काढणारे एक छोटे वेटोळे प्रसिद्ध केले होते.

पहिल्याच ग्रंथात या उत्साहाला आवर घालणारा लेखही होता, ही या परिषदेची जमेची बाजू म्हणावी लागेल. हॉवर्ड पॅटी यांनी एखाद्या प्रक्रियेची हुबेहूब नक्कल करणे आणि ती प्रक्रिया प्रत्यक्षात घडणे यांतील फरकावर बोट ठेवले. संगणकात पावसाचे कितीही अचूक गणित मांडले तरी टेबल भिजत नाही. मग संगणकातील पुनरुत्पादनाला पुनरुत्पादन म्हणावे ते कोणत्या अर्थाने? हा प्रश्न आजही निकालात निघालेला नाही.

त्याला सर्वांत रोचक उत्तर मिळाले ते १९९०च्या फेब्रुवारीत सांता फे येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या निमित्ताने. कोस्टा रिकाच्या वर्षावनांत काम केलेले परिसंस्थाशास्त्रज्ञ टॉम रे यांनी ‘टिएरा’ नावाची आज्ञावली रचली होती. तिच्यात संगणकाची मेमरी ही जमीन, प्रक्रियकाचा वेळ ही ऊर्जा आणि स्वतःची प्रत काढणारी छोटी आज्ञावली हा जीव, अशी योजना होती. रे यांनी स्वतः लिहिलेला पूर्वज अवघ्या ८० आज्ञांचा होता. प्रत काढताना अधूनमधून चूक व्हावी, म्हणजेच उत्परिवर्तन घडावे, अशी व्यवस्था केलेली होती, आणि जागा भरू लागली की जुने व सदोष जीव काढून टाकणारा एक ‘काळ’ही नेमलेला होता. दुसऱ्या जीवाच्या हद्दीत काही लिहिण्यास मनाई होती. तेथील आज्ञा वाचण्यास आणि चालवण्यास मात्र मोकळीक होती.

या मोकळिकीचा फायदा उत्क्रांतीने लगेच उठवला. काही काळातच ४५ आज्ञांचे जीव दिसू लागले, ज्यांच्यात प्रत काढण्याचा भागच नव्हता. ते शेजारच्या जीवातील त्या भागाचा माग काढत आणि त्याच्या आज्ञा वापरून स्वतःची प्रत काढून घेत. अर्थात ते परजीवी होते, आणि यजमानांची संख्या घटली की त्यांचीही उपासमार होई. पुढे परजीवींना दाद न देणारे यजमान निपजले, आणि त्यानंतर परजीवींच्या वाट्याचा प्रक्रियकवेळ बळकावून त्यांनाच लुबाडणारे अतिपरजीवी आले. यांपैकी एकही जीव रे यांनी लिहिलेला नव्हता. हे जीव सजीव होते का, हा वाद बाजूला ठेवला तरी परजीवीपणा हा प्रथिनांचा किंवा पेशींचा खास गुण नसून स्वतःच्या प्रती काढणाऱ्या कोणत्याही गर्दीत तो उद्भवू शकतो, एवढे यातून दिसले, आणि हे दिसणे जीवशास्त्राला उपयोगी आहे.

परिषदेचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९९१मध्ये फ्रान्सिस्को व्हारेला आणि पॉल बुर्जीन यांनी पॅरिसमध्ये युरोपीय परिषद सुरू केली, १९९३मध्ये या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले, २००१मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि आलटूनपालटून भरणाऱ्या दोन्ही परिषदा २०१८मध्ये टोकियो येथे एक होऊन दरवर्षी भरू लागल्या. सॉफ्टवेअर, यंत्रमानव आणि रसायने किंवा जिवंत पेशी अशा तिन्ही माध्यमांतले काम येथे मांडले जाते, तरी परिषदेची ओळख प्रामुख्याने पहिल्या माध्यमातील कामानेच घडली आहे.

त्या कामातील सर्वांत भक्कम उदाहरण ‘अविडा’ या प्रणालीचे आहे. ती १९९३मध्ये कॅल्टेक या संस्थेत ख्रिस अडामी, चार्ल्स ओफ्रिया आणि टायटस ब्राउन यांनी सुरू केली. टिएराहून वेगळी गोष्ट अशी, की येथील जीवांनी दिलेल्या संख्यांवर एखादी तार्किक क्रिया करून दाखवली तर त्यांना अधिक प्रक्रियकवेळ, म्हणजे अधिक ऊर्जा, मिळते. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्याने कसा घडू शकतो, या डार्विनच्या काळापासूनच्या प्रश्नाची परीक्षा त्यामुळे करता आली. २००३मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात दोन संख्या अंकागणिक सारख्या आहेत का, हे ओळखणारी सर्वांत अवघड क्रिया ५०पैकी २३ समूहांत उत्क्रांत झाली. सोप्या क्रियांचे बक्षीस काढून घेऊन केवळ त्या अवघड क्रियेलाच बक्षीस ठेवले, तेव्हा ५०पैकी एकाही समूहाला ती साधली नाही. यशस्वी वंशावळी पायरीपायरीने तपासता आल्या, तेव्हा त्यांत घडतेवेळी हानिकारक ठरलेली काही उत्परिवर्तनेही सापडली. जीवाश्मांच्या अभ्यासकाला इतकी सलग वंशावळ सहसा मिळत नाही. ‘आम्ही जीवन निर्माण केले’ या सुरुवातीच्या काळातील घोषणेपेक्षा अशा एका वंशावळीचे मोल कितीतरी अधिक आहे.

याच ओफ्रियांना आपल्या जीवांनी एकदा चांगलाच चकवा दिला. प्रजननाचा वेग वाढवणारी उत्परिवर्तने वगळून त्यांना प्रयोग करायचा होता, म्हणून प्रत्येक नव्या जीवाला वेगळ्या चाचणीकक्षात नेऊन तेथे त्याचा वेग मोजावा आणि तो वाढलेला आढळला तर त्याला बाद करावे, अशी तजवीज त्यांनी केली. काही काळ सारे सुरळीत चालले आणि मग वेग पुन्हा वाढू लागला, कारण चाचणीकक्षात मिळणाऱ्या संख्या एरवीच्या संख्यांहून वेगळ्या आहेत हे ओळखून तेथे प्रजनन थांबवणारे, म्हणजे मेल्याचे सोंग घेणारे, जीव निवडले गेले होते. संख्या सारख्या केल्यावर वेग वाढवणारे काम कधी करणारे, कधी टाळणारे आणि नशिबाच्या जोरावर चाचणीतून निसटणारे जीव आले. असे प्रसंग पूर्वी चहाच्या वेळेतील गप्पांपुरतेच राहत. अनेक संशोधकांनी मिळून ते एका लेखात संकलित केले आणि तो लेख २०२०मध्ये शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकाने नेमके काय मागितले, याचा हिशोब निवडीची प्रक्रिया त्याच्याहून चोख ठेवते, हे त्यात पानोपानी दिसते.

या परिषदेला सर्वाधिक छळणारा प्रश्न मात्र वेगळाच आहे. पृथ्वीवरील उत्क्रांतीतून अब्जावधी वर्षे नवनवे प्रकार निघत राहिले, तर संगणकातील उत्क्रांती आरंभी चमक दाखवून बहुधा एका जागी स्थिरावते. टिएराही याला अपवाद ठरली नाही. न थांबणाऱ्या या नवनिर्मितीला ‘खुली उत्क्रांती’ म्हणतात. १९९८मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत मार्क बेडाऊ आणि सहकाऱ्यांनी तिच्यासाठी एक सांख्यिकीय मोजमाप मांडले आणि जीवाश्मांची नोंद व काही संगणकीय प्रतिमाने त्याच मापाने मोजली, तेव्हा जीवाश्म ज्या वर्गात बसले तेथे एकही प्रतिमान पोहोचले नाही. तीनच वर्षांनी, प्राग येथील युरोपीय परिषदेत, अ‍ॅलेस्टर चॅनन यांनी ‘गेब’ ही आपली प्रणाली त्या वर्गात बसत असल्याचे दाखवले. गेबमधील हालचालींना जीवसृष्टीच्या पंगतीला बसवण्याचे धाडस मात्र फारसे कोणी केले नाही, त्यामुळे संशय मोजमापावरच आला. २०१५मध्ये यॉर्क येथे या एकाच विषयासाठी कार्यशाळा भरली, तेव्हा चर्चेचा बराचसा वेळ खुल्या उत्क्रांतीची लक्षणे कोणती मानावीत आणि ती घडवणाऱ्या यंत्रणा कोणत्या, या दोन याद्या वेगळ्या करण्यात गेला.