पाण्यात हात भिजले की बोटांना सुरकुत्या का पडतात?

धुणीभांडी आटोपली, बराच वेळ अंघोळ केली किंवा भरपावसात शेतात काम केले, की बोटांची टोके पांढरट पडतात आणि त्यांवर सुरकुत्या येतात. हात कोरडे झाले की थोड्या वेळात त्या आपोआप जातात. हा आजार नाही. उलट, बोटांतील मज्जातंतू (ज्यांना आपण नसा म्हणतो) नीट काम करत असल्याची ती खूण आहे.

सुरकुत्या कशा पडतात?

कातडी पाणी शोषून फुगते आणि म्हणून सुरकुतते, असे पूर्वी मानले जाई. पण 1936 साली लुईस आणि पिकरिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदवले, की हाताच्या एका मुख्य नसेला इजा झालेल्या रुग्णांमध्ये त्या नसेच्या भागातील बोटांना सुरकुत्या पडत नाहीत. कातडी तीच, पाणीही तेच. फरक फक्त नसेचा होता.

आज आपल्याला माहीत असलेला क्रम असा: पाणी घामाच्या छिद्रांतून आत शिरते आणि तिथले क्षारांचे प्रमाण बदलते. हा बदल नसांना जाणवतो व त्या बारीक रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याचा संदेश देतात. रक्त कमी झाल्याने बोटाच्या टोकाचा मऊ गर थोडा आक्रसतो, पण वरची कातडी तेवढीच राहते. मग ती आत ओढली जाऊन तिच्या घड्या पडतात. बोटे पांढरट दिसतात तीही रक्त कमी झाल्यामुळेच. कोमट पाण्यात साधारण पाच मिनिटांत हे सुरू होते, थंड पाण्यात जास्त वेळ लागतो.

याचा उपयोग काय?

ओल्या वस्तू घट्ट धरता याव्यात म्हणून ही सोय असावी, असे काही शास्त्रज्ञ मानतात. 2013 साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी पाण्यातल्या गोट्या लवकर उचलता आल्या. नंतरच्या एका प्रयोगात मात्र असा फायदा दिसला नाही.

डॉक्टरांना याचा उपयोग नक्कीच होतो. 1973 साली ओ'रियन या आयरिश शल्यचिकित्सकांनी नसांच्या तपासणीसाठी ही साधी पद्धत सुचवली: हात सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा आणि कोणत्या बोटांना सुरकुत्या येत नाहीत ते पाहायचे. लहान मुलाला ‘इथे बधिर वाटते का?’ असे विचारून नेमके उत्तर मिळत नाही, तेव्हा ही तपासणी कामी येते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- इतर बोटांना सुरकुत्या येतात, पण एखाद्या बोटाला येत नाहीत. विशेषतः हाताला कापल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर.
- हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो आणि मधुमेह आहे.
- अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही. हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.
- पाण्यात हात घालताच दोन-तीन मिनिटांत तळहातावर खूप सुरकुत्या व पांढरे फुगवटे येतात.

फक्त सुरकुत्या पाहून घरीच निदान करू नका. मधुमेहात हात बधिर असेल तर गरम पाण्याचा चटका कळत नाही आणि हात भाजतो. पाणी किती गरम आहे, हे घरातील दुसऱ्या व्यक्तीला आधी पाहू द्या.

रोज पाण्यात काम करणाऱ्यांसाठी

सुरकुत्यांनी अपाय होत नाही, पण सतत भिजलेली कातडी नाजूक होते. साबण आणि सोडा कातडीचे तेल काढून टाकतात. मग भेगा, खाज, आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. काम संपल्यावर हातपाय साध्या पाण्याने धुवा, बेचक्या कोरड्या पुसा आणि हातांना खोबरेल तेल लावा. चिखल्या आठवडाभरात बऱ्या झाल्या नाहीत, किंवा मधुमेह असताना पायाला जखम दिसली, तर थांबू नका, दवाखान्यात जा.