ताट वेगळं केलं, खिडकी मात्र बंदच

आजचा भाग छोटा आहे, पण बरेच दिवस मनात होता. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. त्यामुळे औषधांचं तेवढं डॉक्टरांनाच विचारा.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात, वाकडच्या फ्लॅटमध्ये माझ्या रूममेटला फुफ्फुसाचा टीबी निघाला. आम्ही बाकीच्या दोघांनी पहिलं काय केलं, तर त्याचं ताट-पेला वेगळा काढला. तो काही बोलला नाही, आपलं आपण घासून ठेवायचा. आणि एसी चालू म्हणून खिडक्या मात्र बंद. म्हणजे अगदी उलटं!

टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंबांतलं पाणी सुकतं आणि जंतू घेऊन एक ते पाच मायक्रॉनचा कण उरतो. बंद खोलीत तो तासन्‌तास तरंगतो, आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो. खिडकी उघडली की हे कण विरळ होतात.

आत गेला म्हणजे आजार झालाच, असंही नाही. आपल्या पेशी बहुतेकदा त्याला कोंडून ठेवतात. लागण झालेल्या शंभरांतल्या साधारण पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी टीबी होतो. जंतू कोंडलेलाच असेल, तर त्या माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

हा जंतू भारी संथ आहे. ई. कोलायला दुप्पट व्हायला वीसेक मिनिटं पुरतात, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. सुस्त पडलेल्या जंतूवर औषध लवकर चालत नाही, म्हणून नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. मधेच सोडला की औषधाला दाद न देणारे जंतू माजतात.

1956 मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरातच गोळ्या दिल्या. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांत टीबी जास्त निघाला नाही. कारण योग्य औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्याने कमी होतो. खरा धोका निदानाच्या आधीचा.

आमचा मित्र त्याआधी दीड महिना खोकत होता. आम्ही त्याला ‘एसीचा खोकला’ म्हणायचो. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची असते, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, हे तिघा इंजिनिअरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

आम्हा दोघांचे एक्स-रे स्वच्छ आले. तो बरा झाला, पण कोर्स संपायच्या आधीच दुसरीकडे राहायला गेला. ताट इथेच राहिलंय.